‘पथेर पांचाली’ मला आतून हलवतो, माझ्या भावाला का नाही?

निळाई

सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ ज्यांनी पाहिला आहे त्यांच्याशी बोलायचं आहे. पाहिला नसेल तर पुढे वाचू नका, शेवटापर्यंतचं सगळं इथे येणार आहे.

हरिहर कित्येक महिन्यांनी घरी येतो. वादळाने घराची दैना झालेली त्याला दिसते, पण मुलगी दुर्गा गेली हे त्याला ठाऊक नाही. सोबत आणलेल्या वस्तू तो एकेक करून बायकोच्या, सर्वजयाच्या पुढ्यात ठेवतो. पोळपाट-लाटणं. लक्ष्मीची तसबीर. मग दुर्गासाठी आणलेली साडी. इतका वेळ सर्वजयाच्या तोंडून शब्द फुटलेला नसतो. ती साडी घेते, तोंडाशी नेते, दातांत धरते आणि कोसळते.

मी हा सिनेमा कॉलेजात असताना पहिल्यांदा पाहिला, नंतर अनेकदा. त्या जागी दर वेळी घशात काहीतरी अडकतं आणि संपल्यावर बराच वेळ कुणाशी बोलावंसं वाटत नाही. गेल्या आठवड्यात धाकट्या भावाबरोबर पाहिला. त्याने फोन बाजूला ठेवून, मधे एकदाही न उठता पाहिला. संपल्यावर म्हणाला, “ताई, सुंदर आहे गं. पण मला आतून तसं काही झालं नाही.”

तो कोरडा मुलगा नाही. वडिलांच्या आजारपणात रात्ररात्र उशाशी बसून राहणारा तो आहे. दुसऱ्याचं दुःख त्याला माझ्याआधी कळतं, हे मी आयुष्यभर पाहिलंय. सिनेमेही खूप बघतो, संथ सिनेमाचा त्याला कंटाळा नाही. म्हणून मला हे उलगडत नाही. एकाच खोलीत, एकाच पडद्यावर, एकाच वेळी दोघांनी पाहिलेलं एकाच्या काळजाला हात घालतं आणि दुसऱ्याला नुसतं सुंदर वाटतं, हे कुठे ठरतं? सिनेमात, बघणाऱ्यात, की त्या संध्याकाळी?

“ज्याची त्याची आवड” असं उत्तर कृपया देऊ नका. आवडीचा प्रश्नच नाही, त्याला तो आवडला आहे.

काचकवडी

त्याला आधी काय सांगितलं होतंस?

निळाई

फार काही नाही. हा माझ्या सगळ्यात जवळचा सिनेमा आहे, एवढंच.

काचकवडी

मग तेवढं पुरेसं आहे असं मला वाटतं. आपल्या माणसाच्या सगळ्यात जवळचा सिनेमा बघताना आपण दोन गोष्टी बघत असतो, पडदा आणि ते माणूस. साडीचा प्रसंग येताना तू नक्की थोडी सावरून बसली असशील. शेजारच्याला ते कळतं. त्या क्षणी त्याच्या मनात “आता इथे काहीतरी व्हायला हवं” हा विचार आला की खेळ संपला. मन हलणं हे झोपेसारखं आहे, वाट बघत बसलं की येत नाही.

माझ्यावर कुणी “हा बघच, रडशील” म्हणून सिनेमा सोपवला की मी पहिल्या दृश्यापासून स्वतःवर पहारा ठेवते. ज्या सिनेमांनी मला खरंच हलवलं ते बहुतेक असे होते की ज्यांच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.

संकलन-टेबल

काचकवडींचं म्हणणं खरं आहे, पण त्याने अर्धंच उत्तर मिळतं. मी माहितीपटांचा संकलक आहे. ‘पथेर पांचाली’तला हा प्रसंग मी टेबलावर शॉट शॉट थांबवून पाहिला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

निळाईताई, तुम्ही लिहिलंत की सर्वजया कोसळते. पुढच्या वेळी कान देऊन ऐका. तिचं रडणं आपल्याला ऐकूच येत नाही. तोंड उघडं आहे, चेहरा पिळवटलेला आहे, पण ध्वनिपट्टीवर तिचा आवाज नाही. त्या जागी तारशहनाई वाजते, वरच्या सुरांत, राग पटदीप. हे गजाने वाजवायचं वाद्य, इसराजासारखं, पण त्याला ध्वनी मोठा करणारा कर्णा जोडलेला असतो. त्यामुळे स्वर धारदार निघतो, जवळजवळ माणसाच्या किंकाळीसारखा. वाजवणारे दक्षिणामोहन टागोर. संगीत रविशंकर यांचं, आणि ते बरंचसं एका रात्रीच्या सलग बैठकीत ध्वनिमुद्रित झालेलं.

आता याचा परिणाम बघा. माणसाचं रडणं ऐकलं की आपलं शरीर विचार न करता उत्तर देतं. समोरच्याचा हुंदका आपल्या घशात उतरतो. बहुतेक रडवणारे सिनेमे याच वाटेने येतात आणि ती वाट वाईट नाही. १९९५ साली जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत ठरावीक भावना जागवायला सिनेमाचे कोणते तुकडे उपयोगी पडतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुःखासाठी त्यांनी निवडलेल्यांत ‘द चॅम्प’ या १९७९च्या सिनेमातला प्रसंग आहे. मुष्टियोद्धा बाप मरून पडलेला आणि त्याचा लहानगा मुलगा रडत रडत त्याला उठवायला बघतो. तो तुकडा सुटा दाखवला तरी चालतो. आधीची गोष्ट माहीत नसली तरी त्या पोराचं रडणं आपल्याला धरतं.

साडीचा प्रसंग सुटा काढून अनोळखी माणसाला दाखवा. मला नाही वाटत त्याला फार काही होईल. रडण्याचा आवाज काढून घेऊन राय यांनी सगळ्यात सोपी वाट बंद केली आहे. आता फक्त लांबची वाट उरते, म्हणजे आधीच्या दीड-पावणेदोन तासांत प्रेक्षकाने स्वतः जे जमवलं असेल ते. जमवलेलं भरपूर असेल तर तारशहनाईचा तो स्वर सगळं एकदम मोकळं करतो. जमवलेलं वेगळंच काही असेल तर तो एक सुंदर वाजवलेला तुकडा राहतो. तुमचा भाऊ “सुंदर आहे” म्हणाला ते मला म्हणूनच अगदी समजतं.

दुसरं उदाहरण मण्यांच्या माळेचं. माळ चोरली म्हणून शेजारीण दारात येऊन बोलते, दुर्गा कानांवर हात ठेवते, सर्वजया तिला मारते, केस धरून फरपटत अंगणाबाहेर काढते. पुढे कितीतरी वेळ माळेचं नाव नाही. अगदी शेवटी, घर सोडताना, दुर्गाच्या धाकट्या भावाला, अपूला ती माळ वर ठेवलेल्या करवंटीत सापडते. तो एक अक्षर बोलत नाही, जाऊन ती तळ्यात फेकतो आणि पाण्यावरचं शेवाळ परत जुळून येतं. या सिनेमात मला सगळ्यात जास्त हलवणारा क्षण हा आहे, साडीचा नाही. पण मारहाणीच्या प्रसंगात जर तुम्ही मनातल्या मनात “पोरगी खोटं कशाला बोलेल” असं म्हणत दुर्गाच्या बाजूने उभे राहिला नसाल, तर तळ्यात पडते ती फक्त एक माळ. जो उभा राहिला होता त्याला त्या क्षणी कळतं की तिने चोरली होती, आता त्याने काही फरक पडत नाही, आणि हे गुपित आता जगात फक्त अपूकडे आहे.

अशा जागा सिनेमाभर आहेत. दुर्गा गेल्यानंतर अपू स्वतः दात घासतो, स्वतः भांग पाडतो, बाहेर पडताना आभाळाकडे बघतो, मागे फिरतो आणि छत्री घेतो. बस, एवढंच. शाळेच्या पहिल्या दिवशी त्याला उठवणारी दुर्गा आणि त्याचे केस विंचरणारी आई ज्याच्या लक्षात आहे त्याच्यासाठी ती छत्री भयंकर जड आहे. ज्याच्या लक्षात नाही त्याच्यासाठी एक मुलगा छत्री घेऊन बाहेर चालला आहे. दोघांपैकी कुणाचंच बघणं चुकलेलं नाही. एवढ्या बारीक धाग्यांवर विसंबणारा सिनेमा काही जणांच्या हातून निसटणारच आणि राय यांनी ते पत्करलेलं आहे. मी त्यांना मानतो ते यासाठी.

एक व्यवहाराची गोष्ट. कुठली प्रत पाहिलीत? १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेत लागलेल्या आगीत या सिनेमाच्या मूळ निगेटिव्हचं मोठं नुकसान झालं. नंतर जळक्या निगेटिव्हमधला वाचलेला भाग आणि इतर प्रती वापरून ती दुरुस्त केली गेली, तेही बराच काळ खपून. नवी प्रत २०१५ साली बाहेर आली. त्याआधीच्या कितीतरी प्रतींमध्ये आवाज इतका करकरीत होता की तारशहनाई कुठली आणि खरखर कुठली ते कळत नसे. निम्मा परिणाम तिथेच जातो.

निळाई

दुरुस्त केलेलीच पाहिली. आणि तिचा आवाज नाही हे इतक्या वेळा पाहूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी आत्ता आठवते तेव्हा मला तिचं रडणं ऐकू येतं.

पाणकळा

मी फारसा लिहीत नाही. इथे लिहावंसं वाटलं.

माझी थोरली बहीण तापात गेली. मी तेव्हा साधारण अपूच्या वयाचा. त्यामुळे हा सिनेमा मला चिरून जाणार असं सगळ्यांना वाटायचं आणि घरचे तो मला दाखवायला घाबरायचे. मोठेपणी एकट्याने पाहिला. वादळाची रात्र आली. दार हलतंय, खिडकीवरचं फडकं उडतंय, सर्वजया दुर्गाला धरून बसली आहे. माझ्या डोळ्यांत पाणी नाही. मी हिशेब करत होतो. ताप चढून किती वेळ झाला असेल, ओलं अंग कुणी पुसलं का, आत्ता या घटकेला काय करता आलं असतं. दुर्गा माझ्यासाठी दुर्गा राहिलीच नाही. मी सिनेमा बघतच नव्हतो, मी आमच्या घरात होतो.

ज्याच्यावर बेतलंय त्याला जास्त भिडतं, असं लोक समजतात. माझा अनुभव तसा नाही. खूप जवळचं असेल तर मधे सिनेमाला जागाच उरत नाही.

पण छत्रीबद्दल संकलन-टेबल यांनी लिहिलं ते वाचून सांगतो. मला हललं ते तिथे. दिदी गेल्यावर मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी आपणहून माझं माझं करायला लागलो होतो आणि ते मी केलं हे मला त्या दृश्यापर्यंत माहीतही नव्हतं.

निळाई

पाणकळा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. याला उत्तर देण्यासारखं माझ्याकडे काही नाही, पण मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

मुकुर

पाणकळा यांनी जे अनुभवलं ते आपल्या काव्यशास्त्राने हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलेलं आहे. मी संस्कृत शिकवत असे, म्हणून हे सांगण्याचा मोह आवरत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रावर अभिनवगुप्ताची ‘अभिनवभारती’ ही टीका आहे. इसवी सन १००० च्या आसपासचा काश्मीरचा हा आचार्य. नाटक पाहताना रसाची प्रतीती का होते याचा विचार करता करता तो उलटा प्रश्नही घेतो की ती कधी होत नाही, आणि सात विघ्नं सांगतो. सगळी इथे उतरवत नाही. एक असं की जे दाखवलं ते प्रेक्षकाला संभवनीयच वाटत नाही. एक असं की दाखवलेलं पुरेसं स्पष्ट होत नाही. एक असं की प्रेक्षक त्या सुखदुःखाला ‘हे माझं’ किंवा ‘हे त्या अमक्याचं’ असं विशिष्ट स्थळकाळात जखडून टाकतो. आणि एक म्हणजे निजसुखादिविवशीभाव, आपल्याच सुखदुःखाने प्रेक्षक इतका व्यापलेला असणं की समोरच्यासाठी मन रिकामं नाही. पाणकळा, वादळाच्या रात्री तुमच्या वाटेत उभं राहिलं ते हे. यात तुमच्या संवेदनेचं कसलंही उणेपण नाही. उलट ती तिच्या जागी पूर्ण गुंतलेली होती.

या विघ्नावर अभिनवगुप्ताने उपायही सांगितला आहे. वाद्यं, गायन, रंगमंडपाची शोभा, अशा गोष्टींनी प्रेक्षकाचं मन रंगवून घ्यावं, म्हणजे ते स्वतःतून बाहेर येतं. ती तारशहनाई मला या उपायाच्या फार जवळची वाटते. सर्वजयाचा खरा हंबरडा ऐकू आला असता तर ज्यांच्या घरात तो कधी उठलेला आहे ते सगळे आपापल्या घरी गेले असते. स्वर आला आणि ते दुःख कुणा एकाचं राहिलं नाही.

आणखी एक. ‘सहृदय’ म्हणजे उपजत भाग्यवान, उरलेले दगड, असा अर्थ पुष्कळ जण लावतात. अभिनवगुप्त तसं म्हणत नाही. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्यांच्या मनाचा आरसा निर्मळ झाला ते सहृदय, असं तो म्हणतो. परिशीलन म्हणजे सवय. ती एका प्रकारच्या कलेत असू शकते, दुसऱ्या प्रकारच्या नसू शकते. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ चार सुरांच्या आलापाने व्याकूळ होत आणि चित्रपटगृहात निवांत झोपत.

उंबरठा

इथे सगळे ‘मन हललं’ ही बाजू धरून बोलत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडते. मला हा सिनेमा पाहताना जे झालं त्याला मी अवघडलेपण म्हणेन. मोडकं घर, भुकेली म्हातारी, फाटकं लुगडं, हे सगळं सुब्रत मित्र यांच्या कॅमेऱ्याने इतकं देखणं दिसतं की मला माझ्या बघण्याचीच शंका यायला लागली. १९८० साली राज्यसभेत नर्गिस दत्त यांनी राय यांच्यावर भारताचं दारिद्र्य परदेशात विकल्याचा आरोप केला होता. तो आरोप मला मान्य नाही, राय यांना देशाची प्रतिमा रंगवायची नव्हती, माणसं दाखवायची होती. पण सुंदर दिसणाऱ्या हालांपुढे आपण रडलो आणि बरं वाटलं, एवढंच झालं तर त्या रडण्याचं मला काही वाटत नाही. न हलणारा प्रेक्षक कधीकधी हा प्रश्न विचारत असतो आणि तो प्रश्न मोलाचा आहे.

निळाई

उंबरठा, मला बरं वाटत नाही रडून. मला ते जड जातं, तरी मी परत जाते. पण प्रश्न बरोबर आहे.

एक घडलं ते सांगायला आले आहे. तुमचं सगळ्यांचं वाचून मी भावाशी पुन्हा बोलले. “तुला का नाही भिडलं” असं विचारलं नाही. “तुला त्यातलं काय आठवतंय” एवढंच विचारलं.

तो पटकन म्हणाला, “ती आत्या पाणी मागते ते.”

ही आत्या, इंदिर ठाकरुण, आजारी होऊन परत येते. ‘इथेच राहू दे’ म्हणते. सर्वजया नाही म्हणते. म्हातारी पाणी मागते, सर्वजया जागची हलत नाही, तुझं तू घे म्हणते. ती आपणच पाणी घेते, पिते, उरलेलं अंगणातल्या रोपट्याला घालते आणि निघून जाते. पुढे बांबूच्या बनात ती पोरांना बसलेली सापडते, दुर्गा हलवते तर कलंडते.

भाऊ म्हणाला, “रोपट्याला पाणी घातलं ना तिने, तिथे माझं झालं. नंतर ती बाई जे काही भोगते ते दिसत होतं मला, कळत होतं, पण मी तिच्याजवळ जाऊ शकलो नाही. तिने घोटभर पाणी दिलं नाही.”

म्हणजे त्याला भिडलं होतं. फक्त माझ्या जागेच्या बरंच आधी. आणि ते इतकं भिडलं होतं की त्याने सर्वजयाला माफच केलं नाही. साडीच्या प्रसंगात मी सर्वजयाबरोबर कोसळते. तो लांब उभा होता, म्हातारीच्या बाजूने.

मी सर्वजयाला कधी दोष दिला नाही. नवरा महिनोन्‌महिने बाहेर, घरात दाणा नाही, तोंडाने गोड बोलणारी पण खायला अर्धं मागणारी नणंद. मला तिचा त्रागा पहिल्यापासून समजतो. वडिलांच्या आजारपणात घरखर्चाचं मी बघत होते आणि भाऊ उशाशी बसायचा. त्यामुळे कोण कुणाच्या बाजूला जाणार हे कदाचित तेव्हाच ठरलं होतं.

संकलन-टेबल

हे वाचून अंगावर काटा आला. याहून चांगलं उत्तर तुम्हाला आमच्यापैकी कुणी दिलं नसतं.

मुकुर

निळाई, तुमच्या बंधूंचं उत्तर ऐकून मला सातांतलं आणखी एक विघ्न आठवलं, अप्रधानता. जे गौण आहे ते मुख्याच्या जागी येऊन बसलं की मुख्य रसाला बाधा येते. अभिनवगुप्त हे रचनेच्या अंगाने सांगतो. इथे प्रेक्षकाने आपल्या मनात तो क्रम बदलला. इंदिर ठाकरुण मुख्य झाली आणि दुर्गाचा मृत्यू तिच्या मागे गेला.

संकलन-टेबल

मुकुर सर, आदर ठेवून असहमत. तिला गौण कुणी ठरवलं? राय यांनी तरी नाही. तिचं काम करणाऱ्या चुनीबाला देवी ऐंशीच्या घरात होत्या. जुन्या रंगभूमीवरच्या नटी, कित्येक वर्षं काम सोडून बसलेल्या. राय यांनी त्यांना हुडकून आणलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर, त्यांच्या वाकलेल्या चालीवर, त्यांच्या एकट्याने गुणगुणण्यावर किती वेळ खर्च केला आहे ते बघा. संकलनात एखाद्या पात्राला एवढा वेळ दिला की त्याचा अर्थ एकच होतो. पाणी पिण्याच्या त्या प्रसंगात कॅमेऱ्याला घाई नाही. शिवाय सर्वजयालाही तो चांगली दाखवत नाही, वाईटही दाखवत नाही. ती नाही म्हणते तेव्हा तिचा चेहरा बघा, तिला ते सहज जात नाही. प्रेक्षकाने कुणाकडे उभं राहायचं हे मोकळं सोडलेलं आहे. एका घरात दोन भावंडं दोन बाजूंना उभी राहिली तर ते सिनेमाला बाधा येणं नाही. सिनेमा ज्यासाठी तसा रचला आहे तेच झालं.

मुकुर

मान्य आहे. विघ्न हा शब्द इथे मी मागे घेतो. करुणाची दोन केंद्रं असू शकतात आणि एका प्रेक्षकाच्या मनात दोन्ही एकाच वेळी मावतील असं नाही.

काचकवडी

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते निळाईने प्रश्न बदलला हे. “तुला का भिडलं नाही” याला कुणाकडे काय उत्तर असणार? “काय आठवतंय” याला तो क्षणात बोलला. मी हे आता सगळ्यांना विचारणार आहे.

निळाई

आता त्याला पुन्हा दाखवू का? या वेळी सर्वजयाकडे बघ असं सांगून?

पाणकळा

नका सांगू. सांगून बघितलेलं तो तुमच्यासाठी बघेल. त्याचं जे आहे ते पक्कं आहे, राहू द्या.

पण याचा पुढचा भाग, ‘अपराजितो’, दाखवा. त्यात हरिहर गेल्यावर सर्वजया अपूला घेऊन खेड्यात राहते. अपू शिकायला कलकत्त्याला जातो, पत्रं कमी होत जातात, सुट्टीला आला तरी त्याचं लक्ष परत जाण्याकडे. ती आजारी असते आणि त्याला कळवत नाही. संध्याकाळची एकटी बसून असते, लांबून गाडी जाताना ऐकते, आणि कुणी येत नाही. म्हणजे ती इंदिर ठाकरुणच्या जागी येऊन बसते. कुणी तिला घालवून देत नाही, पण पाणी द्यायला कुणी जवळही नाही. तुमच्या भावाची सर्वजयाशी भेट व्हायची असेल तर ती मला वाटतं तिथे होईल.

संकलन-टेबल

पाणकळांना दुजोरा. आणि या धाग्यासाठी एक जोड. ‘अपराजितो’ला १९५७ साली व्हेनिसला सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह मिळाला. त्याआधी १९५६ साली बंगालात लागला तेव्हा पहिल्या सिनेमाइतका चालला नव्हता. आईपासून दूर जाणारा, तिची आठवण ओझं वाटणारा मुलगा प्रेक्षकांना सोसला नाही, असं त्याचं कारण तेव्हापासून सांगितलं जातं. म्हणजे ‘पथेर पांचाली’ला डोक्यावर घेणारे पुष्कळ जण तिथे तुमच्या भावासारखे लांब उभे राहिले. या वेळी अपूपासून.

निळाई

‘अपराजितो’ मी पूर्ण पाहिलेला नाही. अर्धा पाहून बंद केला होता, अपूचा राग आला म्हणून. आता दोघं मिळून बघतो. त्याला आधी काहीही सांगणार नाही.